एक लाल, एक पांढरा

२८ सप्टेंबर २००८, रविवार

निमिषने सिगरेट सोडली म्हणे. सोडली कसली! आता विजेची ओढतो. चीनहून मागवलेली ती बारीक नळी तासाभरात मान टाकायची, म्हणून त्याच्या ऑफिसातल्या अंकुरने टॉर्चच्या नळकांड्यातून एक घरगुती यंत्र करून दिलंय. आत दोन बुटके सेल, एकावर एक. बटण दाबायचं, ओढायचं, वाफ सोडायची. माझा मुलगा घरामागच्या लाकडी डेकवर उभा राहून टॉर्च चोखतो आणि बायको शेजारी उभी राहून कौतुकाने बघते. अमेरिकेत, हर्नडनला येऊन चार महिने झाले, पण असा तमाशा पहिलाच.

आसावरीला तरी दुसरं काम काय? नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नाही. दिवसभर कॉम्प्युटरपुढे. सध्या सेलांवर अभ्यास चालू आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार

अभ्यासाचं फळ आज जेवताना मिळालं. व्याख्यान! लिथियमचे सेल साध्या सेलांसारखे नसतात. फार रिकामे झाले की तापतात, फुटतात. अंकुरने दिलेले 'उघडे' आहेत, आत संरक्षणाचं सर्किट नाही. सर्किटवाले घ्यायचे, ते वेळेवर आपोआप बंद पडतात. दोन्ही एकाच दिवशी घेतलेले हवेत, एकत्र वापरायचे, एकत्र चार्ज करायचे, जोडी मोडायची नाही. खिशात किल्ल्यांबरोबर टाकायचे नाहीत. सेल आहेत की नवरानवरी?

मी नागपूरला कॉलेजात एकतीस वर्षं फिजिक्सची प्रात्यक्षिकं घेतली. लेक्लांशे सेलची भांडी पोरांकडून घासून घेतली. आणि ही मला सेल शिकवते! मी बोलले नाही. निमिषनेच ऐकवलं, "आई फिजिक्सची, आणि लेक्चर तू देतेस. ग्रेट."

तिने मला वरण वाढलं. वरण चांगलं झालं होतं. मी सांगितलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

फ्रीजर उघडला की डब्यांवर टेपचे तुकडे. प्रत्येकावर तारीख. महिना आधी, दिवस नंतर, अमेरिकन पद्धतीने. राजमा, अमुक तारीख. चटणी, तमुक तारीख. माणसाला शिळं-ताजं वासावरून कळतं, पण बाईसाहेबांना पुरावा लागतो.

ही वही मी डायनिंग टेबलावरच ठेवते, उशीखाली लपवायची गरज नाही. आसावरी वाढली कानपूरला. मराठी बोलते बरी, पण वाचायला दिलं की अक्षरावर बोट ठेवून पहिलीतल्या पोरासारखी. आरतीच्या पुस्तकाची दोन कडवी होईतो कापूर विझतो. माझं अक्षर तर तिच्या बापालाही लागणार नाही.

आणि मागची पानं मीही उलटत नाही. लिहिलं की संपलं. वर्षातून एकदा लक्ष्मीपूजनाला वहीच्या पहिल्या पानाला कुंकू लावते, तेवढंच.

९ ऑक्टोबर, दसरा

पाटावर लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, माझा चष्मा. निमिषने हसत ते नळकांडंही ठेवलं. मीही त्याला फूल वाहिलं. ज्याने विडी सुटते ते शस्त्रच.

नवे सेल आले. सर्किटवाले, दोन. आसावरीने त्यांच्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. अंकुरच्या जुन्या दोघांवर पांढरा दिला आणि कॉफीच्या डब्यात टाकले. दुकानात जुन्या सेलांची पेटी असते, तिथे नेऊन द्यायचे म्हणे. चालते सेल! दोन महिने झाले नाहीत अजून! हिच्या माहेरी झाड हलवलं की डॉलर पडत असावेत.

१२ ऑक्टोबर, रविवार

मोठं वाजलं आज. काल झोपताना आसावरीने चार्जर काढून ठेवला. घरात कुणी जागं नसताना चालू ठेवायचा नाही, हा तिचा नियम. सकाळी नळकांडं बंद. निमिषच्या ऑफिसात माणसं कमी करताहेत, तो आधीच उकळलेला. कप सिंकमध्ये फेकला. फुटला.

म्हणाला, "तुला जॉब नाही म्हणून मी तुझा प्रोजेक्ट नाहीये. आजपासून माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही. सेल नाही, चार्जर नाही, काही नाही."

ती खाली बसून कपाचे तुकडे वेचत होती. "ठीक आहे," म्हणाली. "नाही लावणार."

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? चार महिने या घरात प्रत्येक गोष्टीचा नियम तिचा. आज एकदाची जागा कळली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कॉफीचा डबा अजून ओट्यावरच. त्यात ते दोन पांढऱ्या ठिपक्याचे. हातात घेतले. ना ओल, ना गंज.

नागपूरला दिवे गेले की टॉर्चमध्ये आम्ही काय करायचो? एक जुना, एक नवा. नवा जुन्याला ओढून नेतो. असे दोन नव्या सेलांत चार महिने काढलेत. निमिषचे बाबा, अरुण, असते तर हसले असते, त्यांनीच शिकवलं मला ते.

दुपारी आसावरी ग्रोसरीला गेली. निमिषचं नळकांडं टेबलावर होतं, आज ते विसरून गेला. उघडलं. एक लाल काढला, त्या जागी एक पांढरा घातला. काढलेला लाल माझ्या शिवणाच्या डब्यात. वर रिळं ठेवली.

इथे तारखेसकट लिहून ठेवते. महिनाभर चालला की हेच पान निमिषपुढे धरीन. बघ म्हणीन, तुझ्या बायकोचं संशोधन!

१५ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळभर ओढलं त्याने. काही झालं नाही. काय होणार होतं?

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आता सेल चार्जरला निमिष स्वतःच लावतो. सकाळी घाईत नळकांड्यात कोंबतो आणि पळतो. ठिपके बघायला वेळ कुणाला आहे?

आसावरी रुसलीय. पूर्वी तो डेकवर गेला की मागोमाग जायची. परवापासून काचेच्या दाराच्या आतच उभी राहते.

आज भाजी चिरता चिरता मला विचारलं, "आई, तुम्हाला काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, हो, कालच्या आमटीत मीठ कमी होतं.

तिने मान हलवली. निमिष आला, तिच्या पोळीला म्हणाला की ही पोळी आहे की सीडी. आम्ही दोघं हसलो. ती हसली नाही. विनोद कळायला माणूस लागतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

फुटलं.

दुपारी डेकवर. फटाक्यासारखा आवाज, मग त्याचं ओरडणं. मी धावले तर तो गुडघ्यावर. हात धरलेला, तोंडातून रक्त. फळ्यांवर काहीतरी फुसफुसत जळत होतं. आसावरी आतच होती. तिने फोन लावला, पत्ता सांगितला, ओला टॉवेल आणला. तिचा आवाज कापलासुद्धा नाही. मी मात्र नुसती "निमू, निमू" करत राहिले.

उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापर्यंत गेली. अंगठा भाजला. समोरचे दोन दात. डोळा वाचला, चार बोटं वर लागलं असतं तर...

हे मी केलं.

नाही. सेल सदोष असणार. अमेरिकेत विकतात काहीही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

अंकुर आला होता. डेकवरचे तुकडे गोळा करून टेबलावर कागदावर मांडले. एक टरफल फाटलेलं, काळं. त्याच्या बुडाशी पांढरा ठिपका शाबूत. दुसरा सेल अख्खा. लाल.

अंकुरने सांगितलं ते मला आधी कळायला हवं होतं. कळलं नाही, हे लिहिताना लाज वाटते. दोन्ही सेलांतून एकाच वेळी सारखाच प्रवाह जातो. जुना आधी रिकामा होतो. नव्यात जीव असतो, तो ढकलतच राहतो. रिकाम्या सेलाला उलटं भरायला लागतो. जुन्याला सर्किट नाही, तो थांबणार कसा? तापतो आणि फुटतो. नवा जुन्याला ओढून नेत नाही. मारतो. टॉर्चचे सेल गरीब होते, ते नुसते पाझरायचे. एकतीस वर्षं मी काय शिकवलं?

निमिषला नीट बोलता येत नाही. टाके घातलेल्या ओठांतून त्याने आसावरीला विचारलं, "तू म्हणाली होतीस, पांढरे टाकून दिले."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, घड्याळाकडे बघतात तेवढंच.

"माझ्याकडून राहिले असतील," म्हणाली. "सॉरी."

निमिषने डाव्या हाताने कागद उडवला. ते तुकडे तिच्या अंगावर गेले.

मी बोलले नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार

कुणी असं दुसऱ्याचं पाप डोक्यावर घेतं का? तिला वाटलं असेल, खरंच तिच्याच हातून झालं. गोंधळलेली बाई. तसंच असणार.

शिवणाच्या डब्यातला लाल सेल आज फिरायला गेले तेव्हा तळ्यात टाकला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

पट्टी बदलताना आज मी जवळ होते. ते बोट पाहिलं. लहानपणी त्याच बोटाने तो देव्हाऱ्यातलं लोणी चाटायचा. न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. नंतर तोंड धुऊन बाहेर आले आणि आसावरीला म्हणाले, निदान त्याला पट्टी तरी नीट बांध.

निमिष तिच्याशी बोलत नाही. जे हवं ते मला सांगतो. माझा मुक्काम नोव्हेंबरात संपतो. त्याने आसावरीला फॉर्म भरायला लावला, आणखी सहा महिने. म्हणाला, "आई राहील. घरात एक तरी माणूस हवं, ज्याच्यावर विश्वास ठेवता येईल."

तिने फॉर्म भरला. तारखा नीट, एका अक्षराची चूक नाही. मला सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवलं.

मी जिंकले. असं व्हावं असंच तर वाटत होतं. मग रात्री वरणभात ताटात तसाच का राहिला?

२५ ऑक्टोबर, शनिवार

फॉर्म पोस्टात गेला. आता या छताखाली सहा महिने आम्ही तिघं.

२८ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पहिल्या पानाला कुंकू लावायला म्हणून वही मागे उलटत गेले. चौदा तारखेच्या पानाशी हात थांबला. मी सेल बदलल्याचं लिहिलंय, त्या ओळीखाली टेपचा तुकडा चिकटवलेला. फ्रीजरच्या डब्यांवर असतो तोच. त्यावर नेलपॉलिशचे दोन ठिपके, एक लाल, एक पांढरा. आणि तिच्या अक्षरात तारीख, १०/१५.

पंधरा ऑक्टोबर. सेल फुटला एकोणीसला. चार दिवस तिला ठाऊक होतं.

खाली ती निमिषला चमच्याने भरवते आहे. मला हाक मारतेय, "आई, फराळाला या."