ओहोटीला आलेले अध्यक्ष

टेर्नहोल्म बेट, नॉर्वे
जून १९६५

किनाऱ्यावरच्या मोठ्या पालिकेचे अध्यक्ष नेसहाइमसाहेब यांस,

ओलावा आजीचा नमस्कार. आमची पाच बेटांची पालिका तुम्ही गिळलीत, वर ढेकरही दिला नाहीत. मग शाळा बंद करायला आलात. मी धक्क्यावरून ओरडले, "साहेब, इथंच लावा बोट, इथं वारा लागत नाही!" वारा नव्हताच. पण ओहोटीला तिथं पाणीही नसतं, हे आमचं शेंबडं पोरही जाणतं. तुम्ही विचारलंच नाहीत!

बोट चिखलात बसली.

"आता हो, आजी?"

"आता काय? भरती येईस्तोवर जेवा!"

उकडलेला कॉड मासा झाला, लोणी-साखरेच्या पोळ्या झाल्या. शाळेतल्या पोरांनी तुम्हाला घाम फुटेस्तोवर नाचवलं. निघताना स्वतःच म्हणालात, "शाळा राहील!"

नात म्हणते, "आजी, हे त्यांना कळलं तर शाळा जाईल ना!" म्हणून हे पत्र माझ्या उशीखालीच राहील.

माझं बालपण हेरिंग मासे साफ करण्यात गेलं, साहेब. मला एक अक्षर लिहिता येत नाही. हे सुरेख वळण नातीचं, गुद्रूनचं. त्याच शाळेतलं.

भरतीइतकीच भरवशाची,
ओलावा