माझा नंबर काढून टाका

विश्रांतवाडी, पुणे
शनिवार, १० जानेवारी २०२६

अहो,

सा. न. वि. वि. मेलवर तारीख लिहावी लागत नाही, ती आपोआप पडते, असं आम्हाला आज क्लासमध्ये सांगितलं. पण हाताला सवय. शिवाय मशीनने टाकलेल्या तारखेवर माझा अजून तितकासा विश्वास बसलेला नाही.

इकडे सर्व क्षेम. निशाचा गुडघा ठीक आहे. जिना चढते, उतरते, आणि धाकटी बहीण असून बसल्या जागेवरून मला कामं सांगते. थंडी आपल्या सहकारनगरपेक्षा जास्त वाटते. तुमचा डबा वेळेवर येतो ना? आमटीत गूळ कमी पडला म्हणून त्या डबेवाल्या बाईंना अजून पत्र लिहिलं नसेल अशी आशा करते.

पाठवणाऱ्याचं नाव वाचून दचकला असाल. हो, हे माझं स्वतःचं अकाउंट. आज सकाळी उघडलं. आमोदने बंगळूरला जाताना आपल्याला एकच काढून दिलं होतं, दोघांत मिळून. त्याला नाव तुमचं आणि पासवर्ड माझ्या डोक्यात. विजेचं बिल, गॅस, सोसायटीच्या नोटिसा, सगळं त्याच्यात. इतकी वर्षं मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

नाव मिळवायला मात्र बराच वेळ गेला. मंदाकिनी घेतलेलं. आडनावासकट मंदाकिनी, तेही घेतलेलं. जगात माझ्या नावाच्या इतक्या बायका आहेत आणि एकीशीही माझी ओळख नाही! मशीनने जन्मसाल जोडून एक नाव सुचवलं. म्हटलं, वा, आता वय गावभर सांगत फिरू का? शेवटी माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही आडनावं एकापुढे एक लावली, तेव्हा कुठे हिरवी खूण आली.

क्लास इथल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये असतो, दर शनिवारी. शिकवायला आम्रपाली नावाची मुलगी येते. खराडीला आयटीत आहे, आपल्या सुनेच्या वयाची, आणि तोच प्रश्न पाचव्यांदा विचारला तरी पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर देते. माझ्या शेजारी हिंदुराव म्हणून एक गृहस्थ बसतात. लोणी काळभोरची शेती मुलावर सोपवून इथे लेकीकडे राहायला आलेत. आम्रपालीने विचारलं, "काका, पासवर्ड ठेवला का?" तर भर वर्गात म्हणाले, "ठिवला की म्याडम! आमच्या बैलाचं नाव हाय, सर्जा, आन् फुडं एक दोन तीन." ती म्हणाली, "काका, आता बदला." दर शनिवारी हेच चालतं. त्यांच्या गोठ्यातली सगळी नावं आम्हाला पाठ झाली आहेत.

नवीन अकाउंटबरोबर नवीन कॅलेंडरही मिळतं. आम्रपाली म्हणाली, तुमच्या ठरलेल्या गोष्टी त्यात टाका. मी पेनाचं टोपण चावत बसले. जुन्या कॅलेंडरमध्ये काय काय होतं ते आठवून पाहिलं: तुमची शुगर, तुमचे दात, तुमच्या गाडीचा विमा, तुमच्या पाटबंधारे खात्यातल्या निवृत्त मंडळींचं स्नेहभोजन. आता स्वतःचं काय टाकू? बराच विचार करून लिहिलं, "शनिवार, क्लास." बाकी महिना पांढरा. भीती वाटली थोडी. आणि खरं सांगते, बरंही वाटलं.

आता मुद्द्याचं. आपल्या जुन्या अकाउंटला फोन नंबर माझा जोडलेला आहे. त्यामुळे तुम्ही काहीही उघडायला गेलात की सहा आकडे माझ्या फोनवर येतात. मग तुमचा मेसेज येतो, "ओटीपी?" मी आकडे पाठवते. तुम्ही अंगठा पाठवता. निशाच्या गुडघ्यासाठी मी इकडे आल्यापासूनचं आपलं बोलणं आज सहज मागे सरकवत पाहिलं. ओटीपी, आकडे, अंगठा. पुन्हा ओटीपी, आकडे, अंगठा. मध्ये एकदा "इस्त्रीवाल्याचा नंबर?" असं आहे, तेवढाच बदल.

हे मी गंमत म्हणून वर्गात सांगितलं. सगळे हसले, आम्रपाली हसली नाही. "काकू, ओटीपी कुणालाही द्यायचा नाही. काकांनाही नाही. त्यांच्या अकाउंटला त्यांचा नंबर हवा. उद्या तुमचा फोन हरवला तर दोघंही बाहेर."

तर असं करा. अकाउंट उघडून 'सुरक्षा' असं लिहिलंय तिथे जा. तुमचा नंबर घाला, माझा नंबर काढून टाका, आणि नवा पासवर्ड ठेवा. तो मला सांगू नका. संसारातलं तुमचं पहिलं गुपित म्हणून जपा. यासाठी एक शेवटचा ओटीपी माझ्याकडे येईल, तो मी देईन. आम्रपालीला सांगणार नाही. त्यानंतर तुम्हाला मला काही विचारायची गरजच पडणार नाही.

हे शेवटचं वाक्य लिहून उठले होते. चहा करून आले. वाक्य बरोबर आहे, राहू दे.

तुमची,
सौ. मंदा


विश्रांतवाडी
गुरुवार, १५ जानेवारी

अहो,

तिळगूळ घ्या, गोड बोला. तुम्ही काल मडक्यातल्या लाडवांचं चित्र पाठवलंत, ते पोचलं. तेच चित्र तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलंत, तेही पोचलं. मी अजून त्या ग्रुपवर आहे हो.

निशाचा गुडघा ठीक.

माझ्या एवढ्या लांबलचक मेलला तुमचं उत्तर आलं: "तुझाच राहू दे. काय बिघडतंय?"

हे वाक्य मी तीन दिवस घेऊन फिरते आहे. निशाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आळस, दुसरं काय!" असेलही. आयुष्यभर धरणांची दारं कधी उघडायची ते ठरवणारा माणूस, पण रिचार्ज करायचा म्हटलं की "मंदा, बघ गं जरा." पण मग वाटतं, नुसता आळस असता तर तुम्ही उत्तरच दिलं नसतंत. 'तुझाच राहू दे' असं तुम्ही टाइप केलंत. चष्मा शोधून, एका बोटाने. म्हणजे तुम्हाला माझा नंबर तिथे राहायला हवाय का? की बदलण्याची कटकट नकोय? मला खरंच कळत नाही. तुमच्याबद्दल मला न कळणारं काही असेल असं वाटलं नव्हतं. त्यामुळे रागापेक्षा कुतूहलच जास्त आहे.

काय बिघडतंय म्हणता. काहीच नाही. सगळं व्यवस्थित चालू आहे, म्हणूनच ते बंद करून बघायचंय. ओटीपीची अडचण नसली तर तुम्ही मला फोन कराल का, आणि केलात तर काय बोलाल? माझं म्हणाल तर तुम्हाला काय विचारावं हे मलाही चटकन सुचत नाही. शुगर आणि दात सोडून.

रविवारी सकाळी पेपर वाचून झाला की नंबर बदलायला बसा. मी फोन जवळ ठेवते.

तुमची,
मंदा


विश्रांतवाडी
रविवार, २५ जानेवारी

अहो,

मागच्या रविवारी झालं ते माझ्या बाजूने लिहून ठेवते, कारण तुमच्या बाजूला काय झालं ते तुम्ही सांगणार नाही.

पहिला ओटीपी आला, मी पाठवला, तुम्ही चष्मा शोधेपर्यंत त्याची मुदत संपली. दुसऱ्यात तुम्ही सहाच्या जागी नऊ वाचलंत. तिसऱ्याच्या वेळी तुमचा फोन आला. मेसेज नव्हे, फोन! "अगं, हे काय पुन्हा पुन्हा चुकीचं म्हणतंय? मूर्ख आहे का?" मी आकडे एकेक करून सांगितले, तुम्ही माझ्यामागून म्हणत टाइप केले. लहानपणी आमोदकडून पाढे म्हणून घ्यायचो तसे. "झालं," म्हणालात. मीही "झालं" म्हटलं. मला पंख्याचा आवाज ऐकू येत होता, जानेवारीतही तुम्हाला पंखा लागतो. मी म्हटलं, आता ठेवतील. आणि तुम्ही विचारलंत, "निशाचा गुडघा कसा आहे?"

मी म्हटलं, "बरा आहे." तुम्ही म्हणालात, "बरं बरं." आणि ठेवलात.

थोड्याच वेळात माझ्या फोनवर सूचना आली की हा नंबर त्या अकाउंटवरून काढून टाकण्यात आला आहे. मीच सांगितलेलं काम तुम्ही नीट केलंत. तरी ती सूचना मी पुन्हा पुन्हा वाचली. निशाला कळू नये म्हणून गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढत बसले.

त्यानंतर आठवडा गेला. तुमचा मेसेज नाही, फोन नाही. गॅस भरला असेल, बिल भरलं असेल, मला आता कळत नाही. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं म्हणायला हरकत नाही. पण मी उत्तर धरून बसले नाही, कारण एका बाबतीत मीही तुम्हाला धड उत्तर दिलेलं नाही.

अहो, निशाचा गुडघा दिवाळीतच बरा झाला. पाडव्याला आपल्याकडची लिफ्ट बंद होती आणि ती तीन मजले चढून जेवायला आली, ते तुम्ही पाहिलंत. संध्याकाळी मी तिच्याबरोबर रिक्षात बसून परत इकडे आले, तेही पाहिलंत. "गुडघा सांभाळा," म्हणालात आणि दार लावून घेतलंत. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी गुडघ्याची खबर देते आणि तुम्ही ती मुकाट्याने ऐकून घेता. बिचाऱ्या निशाच्या गुडघ्याला आपण दोघांनी मिळून किती दिवस राबवलं!

मी परत आले नाही, कारण मला यायचं नव्हतं. तुम्ही काही वाईट वागलात असं मुळीच नाही. तसं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. झालं काय, इथे आल्यावर मला कुणी काही विचारेना. माझा चष्मा कुठे, किल्ली कुठे, पासवर्ड काय, कुणी म्हणून विचारेना. पहिले काही दिवस करमलं नाही. मग मीच विचारायला लागले. हे बटण कशाचं, ते दाबलं तर काय होतं, मला सकाळी खरंच पोहे आवडतात की तुम्हाला आवडतात म्हणून मी खाते? (उपमा आवडतो. सहासष्टाव्या वर्षी कळलं.) मजा येते हो विचारायला. ती सोडून लगेच तिकडे यावंसं वाटत नाही. पुढे वाटेल का, मला माहीत नाही. आणि तुमची आठवण येते. ती रोज येते. सकाळी पेपर वाचताना कुणी बातमीवर मोठ्याने चिडत नाही, तेव्हा तर फारच येते.

आता कालच्या क्लासचं सांगते. काल आम्रपालीने एक नवीन सेटिंग दाखवलं. समजा आपण पासवर्ड विसरलो, फोनही हरवला, आपल्याच अकाउंटच्या बाहेर अडकलो, तर आपल्याला परत आत घेण्यासाठी एका भरवशाच्या माणसाचं नाव आधीच देऊन ठेवता येतं. आपण अडकलो की त्या माणसाला विचारणा जाते, आणि त्याने सांगायचं की हो, ही तीच आहे, मी ओळखतो हिला.

हिंदुरावांनी क्षणाचाही विचार केला नाही. "आमची कारभारीण घाला, सोजरबाई. तिला फोन उचलाया येत न्हाय, पर भरवश्याची हाय." आम्रपाली म्हणाली, "काका, फोन उचलता यायला हवा." तर म्हणाले, "मग शिकवतो की!"

माझ्या पुढ्यात रिकामा रकाना. निशा हाकेच्या अंतरावर आहे. आमोदला यातलं सगळं कळतं. शहाण्या माणसाने या दोघांपैकी एकाचं नाव घातलं असतं. मी बराच वेळ त्या रकान्याकडे बघत बसले. तुमचं नाव मी जन्मात उखाण्याशिवाय घेतलेलं नाही, फोनमध्येसुद्धा तुम्ही 'अहो' या नावाने आहात. पण फॉर्मला ना उखाणा चालतो ना अहो. मग टाइप केलं. यज्ञेश्वर. 'ज्ञ' सापडायला वेळ लागला. आम्रपाली मागून बघत होती.

त्याची विनंती तुमच्या मेलवर आली असेल, या पत्राच्या आगेमागेच कुठेतरी. तिला मुदत असते, मुदत गेली की ती आपोआप रद्द होते. मी आठवण करून देणार नाही, कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा असंही सांगणार नाही, आणि आमोदकरवी विचारणारही नाही. तुम्ही हो म्हणालात म्हणजे मी लगेच बॅग भरेन असं समजू नका. नाही म्हणालात तर रुसून बसणार नाही, पण वाईट वाटेल, ते आताच सांगून ठेवते. मी कधी बाहेर अडकले तर मला ओळखणारा माणूस तुम्ही असावात, एवढंच मला हवंय.

विनंतीत दोन बटणं आहेत. कुठलं दाबायचं ते या वेळी मला विचारू नका.

मंदाकिनी