शेवंतीची शास्त्रोक्त निगा

रविवार, १५ सप्टेंबर १८८९. ठाणे.
गोदा आज बाळंतपणासाठी माहेरी कल्याणला गेली. लग्नाला सहा वर्षे झाल्यावर आता घरात पाळणा हलणार. जाताना परसातला शेवंतीचा वाफा दाखवला. चाळीस रोपे, आषाढात तिने स्वतः लावलेली. बारशाला हीच फुले हवीत, एवढेच मागितले. दिवसाआड पाणी पुरे, म्हणाली. बायकांना शास्त्र ठाऊक नसते. मी कचेरीतून बागकामाचे इंग्रजी बुक आणले आहे.

१८ सप्टेंबर.
सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, पत्र टाकले. बारशाची पाचशे फुले माझ्याकडून. माझ्या हातून एकही काम तडीस जात नाही असे अण्णांचे मत आहे. आता कळेल.

२६ सप्टेंबर.
बुकात खत सांगितले आहे. शेजारच्या धाकूच्या गोठ्यातून चार पाट्या शेण आणून घातले. तो म्हणाला, जुने कुजलेले घ्या, ताज्याने मुळे जळतात. पण ताजे ते ताजे.

२ ऑक्टोबर.
अकरा रोपे करपली. ऊन फार. राहिलेल्या एकोणतिसांत हवा चांगली खेळेल.

८ ऑक्टोबर.
पानांखाली मावा. बुकात तंबाखूचे पाणी आहे. तंबाखू नव्हती, तपकिरीची डबी कालवून शिंपडली. मावा जागचा हलला नाही. मी दुपारपर्यंत शिंकत होतो. हेडक्लार्कनी घरी पाठवले. बागेला वेळ मिळाला.

१४ ऑक्टोबर, सकाळी.
मोठा शोध. 'पिंचिंग'चे प्रकरण लागले. शेंडे खुडले की रोप पसरते, फुले दुप्पट. कात्री घेऊन एकोणतीसही रोपांचे शेंडे उडवले. धाकू कुंपणाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "साहेब, आता नका खुडू. कल्या आल्यान." त्याला इंग्रजी येत नाही.

सायंकाळी.
पान उलटले. कळ्या धरण्याआधी खुडणी थांबवावी, असे मागच्या बाजूला आहे. एवढी गोष्ट पुढच्या बाजूला छापायला काय हरकत होती?

३० ऑक्टोबर.
अण्णांचे पत्र. गोदा विचारते, कळ्या आल्या का. कळवले, येऊन गेल्या. मग ते खोडून 'रोपे जोमदार आहेत' असे लिहिले. पाने खरोखर जोमदार आहेत.

१६ नोव्हेंबर.
मुलगी झाली. तार आली तेव्हा कुणाला सांगावे ते सुचेना, धाकूला सांगितले. त्याने बैलाला चारा घालता घालता हात जोडले. मग वाफ्यापाशी बसून राहिलो. मुक्या कळ्यांची तीन टोके. गोदाने आयुष्यात माझ्याकडे दुसरे काही मागितल्याचे आठवत नाही. बारसे सत्तावीसला. अकरा दिवस म्हणजे पुष्कळ.

२६ नोव्हेंबर.
पुष्कळ नव्हते. बाजारातून टोपलीभर शेवंती घेतली. देठांना परसातली थोडी माती लावली. म्हणजे ती आता परसातलीच.

२८ नोव्हेंबर.
काल बारसे झाले. मुलगी हातात घेतली, तर रडली. परत दिली. नाव प्रमोदिनी ठेवावे असे मी सुचवणार होतो. कुणी विचारले नाही. आवडा ठेवले.

पाळणा शेवंतीने भरला होता. अण्णांनी पाहुण्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. जावयाबद्दल आपला ग्रह चुकीचा होता, असे बोलून दाखवले. सहा वर्षांत प्रथमच. पुढच्या आषाढात त्यांच्या अंगणातही मीच शेवंती लावायची, असे ठरले. मी होय म्हटले.

मग बाळंतिणीच्या खोलीत गेलो. गोदा एक फूल हातात फिरवत होती. बाळंतपणाने फार सुकली आहे.

"ही पांढरी आहेत," ती हळूच म्हणाली. "मी पिवळी लावलेली."

बाहेर कुणी विचारले तर आपल्याच वाफ्यातली म्हणून सांगेन, म्हणाली. मग म्हणाली, "मुळं आहेत ना? मुळं असली की परत फुटतं. मी आल्यावर बघते. तुम्ही नुसती राहू द्या."

मी मान डोलावली.

वाफा मी परवाच खणून सपाट केला, कुणाला दिसू नये म्हणून. मुळे वेचून जाळली. हे तिला कसे सांगावे ते कल्याणला सुचले नाही. ठाण्याला येऊनही सुचलेले नाही.