बरं होण्याचा कार्यक्रम

५ सप्टेंबर, सकाळ

आजपासून बरं व्हायचं ठरवलं आहे. मुळात मी आजारी नाही. पण डॉक्टर म्हणतो बीपी गोळ्यांना जुमानत नाही, आणि लेक म्हणते, आई गेल्यापासून तुमच्याशी बोलायचं म्हणजे विस्तवावरून चालायचं. दोघांचं समाधान व्हावं म्हणून हो म्हटलं.

कार्यक्रम लेकीने आखला, मी त्यात सुधारणा केल्या. सकाळी देवळाच्या सभागृहात प्रार्थना. दुपारी वाचन. मंगळवारी आणि शुक्रवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये गोधडीचा वर्ग. रोज संध्याकाळी एका गोष्टीबद्दल कृतज्ञता लिहायची. याने माणसं बरी होतात, असं तिने कुठल्याशा व्याख्यानात ऐकलं. वर्षभर लागतं म्हणे. मी दिवाणखान्याला रंग लावायला लागेल तेवढ्या वेळात उरकीन.

संध्याकाळ. कृतज्ञता: वरच्या मजल्यावरच्या वकिलाची स्कूटर सकाळी चालू होईना. बराच वेळ लाथा मारत होता. मनापासून आभार.

८ सप्टेंबर

प्रार्थनेला गेलो. खुर्ची पंख्यापासून लांब मिळाली. प्रवचनकार म्हणाला, ज्याच्यावर राग आहे त्याच्यासाठी देवाकडे काहीतरी मागा, गाठ सुटेल. मी मेहुणीसाठी मागितलं. तिला सद्बुद्धी मिळो. लगेच हलकं वाटलं.

मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. मी तिला बाईसाहेब म्हणतो, तिच्या माघारी. मागच्या हिवाळ्यात हिने अंथरूण धरलं तशा बाईसाहेब येऊन दाखल झाल्या. मागच्या खोलीत तळ ठोकला, स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. औषधं कुठली, कधी, सगळं त्यांनाच माहीत. माझ्याच घरात मी दार वाजवून आत जायचो. आणि शेवटी हिने हाक मारली ती 'छोटी, छोटी' अशी. मी हॉलमध्येच होतो. टीव्हीचा आवाज लहानच होता. माझं नाव घेतलं असतं तर ऐकू आलं असतं.

विधी उरकल्यावर मी बाईसाहेबांना सांगितलं, आता या घरात तुमचं काम नाही. आणि दार लावलं. यात राग नव्हता. शिस्त होती.

१२ सप्टेंबर

गोधडीचा वर्ग. शिकवणाऱ्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज अजून शाळेतलाच. वर्गात पुरुष मी एकटा. बायकांचं तोंड आणि सुई एकदमच चालते. कुणाचा नवरा गेलेला, कुणाची नोकरी, एकीची मुलगी. मी आल्यावर गप्प झाल्या. मी ओळख करून दिली. टाइल्सच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर, उभी हयात टाइलमधली खोट काढण्यात गेली, केसाएवढी चीर असली तरी लांबून दिसते. मग शेजारणीला तिचे टाके तिरके जातायत ते दाखवलं. तिने उठून जागा बदलली. लोकांना खरं ऐकायची सवय राहिलेली नाही.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, ज्याची आठवण जवळ ठेवावीशी वाटते त्याचे कपडे घ्या. पहिल्यांदाच करताय, तर आधी उशीएवढं करा. मी म्हटलं, मी डबल बेडची करणार.

संकल्प: ऑक्टोबरअखेर गोधडी तयार. नोव्हेंबरपासून मी बाकीच्यांना शिकवायला घेईन.

१४ सप्टेंबर, दुपार

कपडे मिळाले. हिच्या कपाटात काही नव्हतं. कुठे गेलं कोण जाणे, बायका वस्तू कुठेही ठेवतात. शेवटी मागच्या खोलीत पलंगाखाली कापडी पिशवी सापडली. तीन गाऊन आणि एक जांभळा स्वेटर. जमिनीवर बसून एकेक बाहेर काढला.

हिरव्या चौकटीचा, हा ती रविवारी घालायची. निळा, आम्ही समुद्रावर गेलो होतो तेव्हाचा. गुलाबी फुलांचा मात्र सगळ्यात जवळचा. लग्नाच्या वाढदिवशी मला चहा देताना तिच्या हातून कप हिंदकळला होता. मी काही बोललो नव्हतो, नुसतं बघितलं होतं. तो तपकिरी डाग अजून आहे.

डोळ्यांत पाणी आलं. पलंगाखाली धूळ फार.

संध्याकाळ. बाईसाहेबांचा फोन. उचलला नाही. माफी मागायची असणार. क्षमा करायचीच आहे, पण वेळ मी ठरवीन.

१९ सप्टेंबर

तिन्ही गाऊन कापले. स्वेटर उसवला गेला, तो फेकला. चौकोन एकसारखे यावेत म्हणून पातळ पुठ्ठ्याचा साचा केला. कारखान्यात असतं तसं काटेकोर काम. वर्गात कुणाचेच चौकोन इतके नेमके नाहीत. मी तसं सांगितलंही.

लेकीला फोन करून म्हटलं, आईच्या कपड्यांची गोधडी करतोय. ती म्हणाली, कुठले कपडे, बाबा? मी म्हटलं, सरप्राइज आहे. ती आणखी काहीतरी बोलत होती, पण माझी प्रार्थनेची वेळ झाली होती.

कृतज्ञता: प्रार्थनेला आज पंख्याखालची खुर्ची मिळाली. तिथे रोज बसणारे गृहस्थ दवाखान्यात आहेत.

२३ सप्टेंबर

वाचन. लेकीने वाचनालयातून मन मोकळं करण्यावरचं एक पुस्तक काढून दिलंय. पहिल्याच प्रकरणात शुद्धलेखनाच्या चुका इतक्या, की मन मोकळं व्हायच्या आधी डोकं उठलं. पेन्सिलीने सगळ्या दुरुस्त केल्या. वाचनालयातला ग्रंथपाल म्हणाला, काका, पुस्तकावर लिहू नका. मी म्हटलं, लिहीत नाही, बरं करतोय. त्याला पटलं नाही. दुसरं पुस्तक द्यायच्या आधी त्याने माझ्याकडून पेन्सिल काढून घेतली.

संकल्प: पुस्तक या आठवड्यात संपवायचं. मजकूर लक्षात नाही राहिला तरी चालेल, चुका लक्षात आहेत.

बाईसाहेबांचा पुन्हा फोन. पुन्हा नाही उचलला. उतावीळपणा. अपराधी माणसाला झोप लागत नाही, असं प्रवचनकारही म्हणाला होता. मला हल्ली उत्तम झोप लागते. पहाटेच्या सुमारास.

३ ऑक्टोबर

सुईत दोरा ओवण्यात वर्गाचा निम्मा वेळ जातो. डबल बेडचा विचार व्यवहार्य नाही. मी एकटाच झोपतो, सिंगल पुरे. हा शहाणपणाचा निर्णय, माघार नव्हे.

शेजारणीने, म्हणजे जिने जागा बदलली होती तिने, न विचारता माझ्या सुईत दोरा ओवून दिला. तिची मुलगी गेली आहे. ती म्हणाली, सुरुवातीला माझाही हात थरथरायचा. मी सांगितलं, माझा हात थरथरत नाही, सुईचं भोक सदोष आहे.

१३ ऑक्टोबर

सिंगलसुद्धा उगाच मोठी वाटते. पाळण्यातल्या बाळाला पुरेल एवढी करतोय. घरात बाळ नाही, पण कधीतरी होईल. लेकीला तसं सुचवलं. तिने विषय बदलला.

बीपी तेवढंच. डॉक्टरचं यंत्र जुनं आहे.

२४ ऑक्टोबर

मुख्याध्यापिकांनी जाहीर केलं, नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी प्रदर्शन. प्रत्येकाने आपली गोधडी ठेवायची आणि तिच्याबद्दल दोन शब्द बोलायचे. माझे दोन शब्द चार पानं झाले आहेत. विषय: 'दुःखातून बाहेर कसं यावं: एका बाहेर आलेल्या माणसाचे अनुभव'.

गोधडीचं माप आता टॉवेलएवढं. पण टाके दाट.

लेकीने विचारलं, प्रदर्शनाला मावशीला बोलवू का? मी म्हटलं, बोलव. सगळ्यांसमोर क्षमा केली म्हणजे साक्षीदारही राहतील. भाषणात शेवटी एक परिच्छेद वाढवला.

८ नोव्हेंबर, संध्याकाळ

जे झालं ते क्रमाने लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी वेगळं सांगायला नको.

हॉल भरलेला होता. बाकीच्यांच्या गोधड्या दोरीवर टांगलेल्या, माझी स्टुलावर. मुलगी गेलेली शेजारीण बोलायला उठली, तिच्या तोंडून एकच वाक्य निघालं आणि ती खाली बसली. टाळ्या मात्र खूप. मग मी.

मी गुलाबी चौकोनापासून सुरुवात केली. लग्नाचा वाढदिवस, चहा, हिंदकळलेला कप, डाग. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्याला रुमाल लावले. मेहुणी मागच्या रांगेत, लेकीच्या शेजारी. तिचा चेहरा पार उतरला. मला वाटलं, पश्चात्ताप. मग निळा, समुद्र. मग क्षमेचा परिच्छेद. मी म्हटलं, काही माणसं आपल्या आणि आपल्या माणसाच्या मधे येऊन उभी राहतात. त्यांनाही मी माफ करतो. हे म्हणताना मी मागच्या रांगेकडे बघितलं. सगळ्यांनी वळून बघितलं.

कार्यक्रम संपल्यावर ती स्टुलापाशी आली. गोधडीवरून हात फिरवला. आवाज चढवला नाही. म्हणाली, भाऊजी, हे गाऊन माझे आहेत.

मी म्हटलं, तुझे कसे?

म्हणाली, पिशवी राहिली होती मागच्या खोलीत. तेवढ्यासाठी तर फोन करत होते. हा गुलाबी मी मुद्दाम फुलाफुलांचा घेतला होता, औषध सांडलं तरी दिसू नये म्हणून. हा डाग खोकल्याच्या औषधाचा. शेवटच्या दिवसांत तिला गिळवत नव्हतं. मी तिला टेकवून धरायचे, तेव्हा अंगावर यायचं.

मी म्हटलं, बहिणी-बहिणींची आवड सारखीच असते, गल्लत कुणाचीही होईल. तेव्हा लेक मधे बोलली. बाबा, आईने आयुष्यात कधी गाऊन घातला नाही.

मी विचारलं, मग तिचे कपडे कुठे गेले?

लेक म्हणाली, मी एप्रिलमध्येच नेले. तुम्ही घरी होतात. मी जिन्यावरून गाठोडी उतरवत होते तेव्हा तुम्हीच दार धरून उभे होतात. लवकर आटप म्हणालात, हवा आत येतेय.

आजूबाजूच्या बायका दोरीवरच्या गोधड्या उतरवायला लागल्या. फारच मन लावून उतरवत होत्या.

९ नोव्हेंबर

गोधडी मेहुणीला देऊन टाकली. म्हणजे काल तिने विचारलं, मी नेऊ का. तिला तो डागाचा चौकोन हवा होता. मी म्हटलं, ने. औदार्याने म्हटलं. तिने घडी घालून छातीशी धरली आणि जिना उतरली. मी दार धरायला गेलो होतो, पण ते आधीच उघडं होतं.

कृतज्ञता: घरात पसारा कमी झाला.

१४ नोव्हेंबर

प्रार्थनेला गेलो नाही. पंख्याखालचे गृहस्थ बरे होऊन परत आलेत. वर्गालाही गेलो नाही. मुख्याध्यापिकांचा फोन आला होता, म्हणाल्या, या हो, पुन्हा सुरुवात करा, उशीएवढं. मी म्हटलं, मला आता गरज नाही, मी बरा आहे. त्या म्हणाल्या, बरं. शिक्षकांना वाद घालायची सवय असते, पण त्यांनी घातला नाही.

पुस्तक परत केलं. ग्रंथपालाने प्रत्येक पान उलटून बघितलं.

समुद्रावर आम्ही गेलो होतो. त्यात गल्लत नाही. फक्त तिने काय घातलं होतं ते आत्ता डोळ्यांसमोर येत नाहीये. दुपारभर प्रयत्न केला. वारा होता, मी चिडलो होतो, टॅक्सीवाल्याने लांबून नेलं होतं. टॅक्सीचा रंगसुद्धा आठवतो.

१८ नोव्हेंबर

लेकीला फोन केला. म्हटलं, आईचं काहीतरी एक आणून दे. नवीन गोधडीसाठी, असं सांगितलं. ती हो म्हणाली. आवाज मऊ होता. बऱ्याच दिवसांनी.

२१ नोव्हेंबर, दुपार

लेक आली होती. बसली नाही, खाली जावई गाडीत होता. कागदात गुंडाळलेला एक ब्लाउज दिला. मळकट पिवळा, बारीक ठिपक्यांचा, कोपरांपाशी झिजून विरलेला. म्हणाली, हा कापू नका, बाबा. घरात ती हाच घालायची. धुवायची, वाळला की पुन्हा हाच. वर्षानुवर्षं. मी चिडवायचे तिला, तुझी कातडीच आहे म्हणून. आठवतो ना?

मी म्हटलं, न आठवायला काय झालं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, काढला, आणि गेली.

खिडकीपाशी उजेडात धरून बघितला. उलटा करून बघितला. गळा, हुक, शिवण, सगळं एकेक करून. मी हा कधीही पाहिलेला नाही.

वास घेतला. लेकीच्या घरच्या साबणाचा येतोय.