बाबांच्या पंपाचं सतरावं चित्र

तीर्थस्वरूप दादास, धाकटीचा साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, त्यामुळे खुर्चीतूनच). तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींना सांग, त्यांनी दिलेलं मलम मी नेमाने लावते. निदान डबी तरी उशाशी ठेवते.

बाबा बरे आहेत. डोळे मात्र फार दिवस साथ देणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले, म्हणून त्यांचं पाण्याच्या पंपावरचं पुस्तक मी कॉम्प्युटरवर नव्याने जुळवायला घेतलं (जन्मभर दुसऱ्यांची जुळवली, एक घरचं). आठवतं ना, पानापानाच्या कोपऱ्यात त्यांनी पंप काढला होता? चोवीस पानं भरभर उलटली की दट्ट्या वरखाली व्हायला हवा होता. बाइंडरने (बाबांच्या भाषेत, त्या कसायाने) कडा कापताना चोवीसच्या चोवीस पंप उडवले. त्या आठवड्यात घरात कुणी मोठ्याने शिंकलंही नाही. आता पडद्यावरच्या पुस्तकात चित्र खरोखर हलवता येतं, म्हटलं त्यांना एकदा तो चालताना दाखवावा.

हलवता येतं म्हणजे काय, माझ्या कॉम्प्युटरवर हललं, भाच्याच्या फोनवर नुसता करडा चौकोन. बाबा पंप समजावून सांगताहेत असा व्हिडिओ पहिल्या पानात बसवला, तर फाइल इतकी जड झाली की ईमेल तिला उचलेना. त्यात बाबांना मजकूर तपासायला कागदच लागतो, म्हणून सगळं छापून आणलं. त्यांनी व्हिडिओच्या त्रिकोणी बटणावर कागदावरच बोट दाबलं, बराच वेळ वाट पाहिली आणि म्हणाले, "याहून तो कसाई बरा."

काल अखेर पडद्यावर पंप चालला. फक्त सतराव्या चित्राला अडखळतो, कारण बाबांनी जपून ठेवलेल्या हातच्या मूळ चित्रांत ते नाही. (कडा कापल्या त्याच आठवड्यात ते हरवलं आणि तुला थप्पड बसली. त्याआधी बाबा तुझा हात धरून वर्तुळं गिरवून घ्यायचे, मी खोडरबर घेऊन शेजारी बसायचे. नंतर तू पेन्सिलच धरली नाहीस. टेबलाजवळच्या त्या संध्याकाळी मला फार आठवतात.) बाकी सर्व ठीक, काळजी नसावी.

तुझी,
धाकटी

ता. क. सतराव्या चित्राची होडी मी केली होती. तू मार खाल्लास तेव्हा मी दाराआड होते. पन्नास वर्षं तोंड उघडलं नाही. चुकले रे.

आणखी ता. क. काल बाबांना हे सांगितलं. म्हणाले, "ठाऊक आहे. बादलीत तरंगताना मीच पाहिली. पण तोवर त्याला मारून झालं होतं." मग पंप पुन्हा लावायला सांगितला. तो अडखळला तसे म्हणाले, "हे चित्र त्याच्याच हातचं हवं. त्याला वेळ आहे का विचार. मी विचारलं असं सांगू नकोस."