मालकीणबाई पुण्याला आहेत

अकोला
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

ती. देवमन मामांस,
पायलचा सप्रेम जय भीम.

गाडी अजून माझ्या नावावर झालेली नाही. आरटीओतल्या बाईंनी आज कॉम्प्युटरवर पाहून सांगितलं: मालक केशरबाई, राहणार धामणगाव रेल्वे. नाव बदलायचा अर्जसुद्धा आलेला नाही. पूर्ण पैसे देऊन दीड महिना झाला, मामा.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उत्तर तुम्ही उरलेल्या अर्ध्याचं देता, म्हणून अमरावती बसच्या ड्रायव्हरकाकांच्या हाती हे पत्र.

जुन्या गाड्यांच्या शोरूमचा किशोर म्हणतो, मालकीणबाई पुण्याला लेकाकडे आहेत, आल्या की सही. मागच्या महिन्यात म्हणत होता, त्यांचा हात मोडलाय. दर खेपेला चहा पाजतो, ताई-ताई करतो. मलाही जास्त बोलवत नाही. टोलचा फास्टॅग त्यानं भेट म्हणून दिलाय. तीन रविवार तुमच्याकडे आले, एक रुपया कापला गेला नाही.

पण येत्या बुधवारी, १९ला, तेल्हाऱ्याला रुजू व्हायचंय. गावोगाव फिरून कापसाची पाहणी करायची नोकरी. गाडी स्वतःच्या नावावर हवी, निदान अर्जाची पावती तरी. नाहीतर यादीतल्या पुढच्या नावाला बोलावतील. आई म्हणते, मामाला इंजिन दाखवलं तसे कागद काहून नाही दाखवले?

सुंदरा मामींना जय भीम. रागवायचं तर रागवा, माया तेवढी कमी करू नका.

तुमची पायल


अमरावती
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चि. पायलले जय भीम आणि मंगल आशीर्वाद.

केशरबाई पुण्याले नाहीत. काल एसटीच्या पासवर धामणगावले गेलो अन् त्यायच्याच घरी जेवून आलो. पुणं त्यायनं पाहिलं नाही. हात तं असा धडधाकट की मले दोन भाकरी बळजबरीनं वाढल्या.

गाडी त्यायनं किशोरकडे इकायले ठेवली होती; त्यानं सांगून ठेवलं, गिऱ्हाईकच नाही. पैसा एक दिला नाही. पण बाईच्या मोबाईलवर टोलचे मेसेज येऊन राहिले. तो फास्टॅग त्यायच्या खात्याचा आहे, पोरी. तुले मिळालेली भेट त्या भरत होत्या. किशोरले विचारलं तं म्हणे, लोक ट्रायल घेऊन राहिले. बाई म्हणतात, अमरावतीपर्यंत रविवारीच कोणाची ट्रायल चालते? ट्रायल घेणारी माही भाची आहे, असं सांगितल्यावर आधी तापल्या, मंग हसल्या.

तुह्या आईचं खरं आहे. इंजिनात खोट नाही, पण कागद मी पाहिले नाहीत. एसटीच्या आगारात चाळीस वर्षं मी इंजिनं पाहिली, कागद दुसराच पाहत होता; माह्या डोक्यातच आलं नाही.

उद्या पहिल्या बसनं बाई अकोल्याले येतात. स्टँडवर घ्यायले जाय. शोरूमले फोन करू नको. मामी विचारते, जेवतेस का वेळेवर.

आहोतच तुह्या पाठीशी.

देवमन मामा


अकोला
रविवार, १६ नोव्हेंबर

ती. मामांस जय भीम.

केशरबाईंनी काल सही केली, तीही किशोरच्या टेबलावर, त्याच्याच पेनानं.

आम्हाला एकत्र पाहून किशोर आधी त्यांना ओळखेचना. मग इतका ओळखायला लागला की पायाच पडला. पैसे उद्या देतो म्हणाला. बाई ओरडल्या नाहीत की काही नाही. दाराजवळच्या सोफ्यावर बसल्या आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागल्या, बापू, गाडीच्या आधीच्या मालकाले भेटला का? तिसरं गिऱ्हाईक टोकन न देताच उठलं, तेव्हा किशोरनं बँकेत फोन लावला. साडेतीनला पैसे त्यांच्या खात्यात आले. टोलचे मी देत होते, ते त्यांनी घेतले नाहीत, किशोरकडून घेतले.

बाई आमच्याकडेच मुक्कामी आहेत. आई आणि त्या मिळून मला गाडी कशी चालवावी ते सांगताहेत. दोघींनाही चालवता येत नाही.

उद्या दहाला आम्ही दोघी आरटीओत. कागद पूर्ण असले तर दुपारपर्यंत पावती मिळते म्हणतात. मिळाली की बुधवारी तेल्हारा.

आई आजच पेढे आणायला निघाली होती. केशरबाईंनी तिला थांबवलं. म्हणाल्या, उद्या दुपारपर्यंत मालकीण मी आहे.

मामींना जय भीम, आणि असेच आमचे राहा.

तुमची पायल