कपाटावर चढलेला फूड प्रोसेसर

येडशी,
बुधवार, दुपार

मनगटं गेली तरी ज्यांच्या हातची चटणी घराला रोज हवी असते, आणि मशीन घ्यायची वेळ आली की ज्यांना सगळ्यात शेवटी विचारलं जातं, अशा माझ्या तमाम भगिनींनो! (बघा आक्का, पत्र लिहायला बसले तरी डोळ्यांपुढं सभेचा मंडपच येतो. इथं भगिनी एकच आहे आणि तीही नणंद, म्हणून पुन्हा सुरुवात करते.)

तीर्थस्वरूप आक्कांना राजेश्वरीचा नमस्कार. वाकून केला असं समजा. खरंच वाकले तर उठवायला माणूस बोलवावं लागतं. तुमचे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधता की तो अजून पिशवीतच आहे? इकडं तुमचे बंधू ठणठणीत आहेत. मी मात्र गेल्या वर्षीच्या चिकुनगुनियातून उठले ती अर्धीच उठले. आयुष्यभर शाळेत उभी राहून शिकवलं, गावोगावच्या सभांत तासन् तास बोलले, पण आता ओट्यापाशी जरा उभी राहिले की पाय थरथरतात आणि बरणीचं झाकण उघडायला शेजारच्या कडूबाईला हाक मारावी लागते. सगळे म्हणतात, स्वयंपाकाला बाई ठेवा. नकोय मला. दोघांपुरती चटणी, थोडं वाटण, एखादी भाजी, एवढं कुणाला हाक न मारता माझं मला करता यावं, हे एकच मागणं उरलंय. (पूर्वी माझी मागणीपत्रकं पानपानभर असायची.)

म्हणून आम्ही धाराशिवला उत्तरेश्वरच्या दुकानात गेलो. हा माझा जुना विद्यार्थी. त्यानं मला एका मोठ्या फूड प्रोसेसरच्या मोटारीची ताकद सांगितली, भांडी दाखवली, पाती दाखवली. एक पातं कणीक मळायचं, एक काप करायचे, एक कशाचं ते त्यालाही आठवेना. मी विचारलं, याचं वजन किती? तो म्हणाला, ‘बाई, वजन हीच तर क्वालिटी!’ तिथं माझा तोल गेला. मी म्हणाले, जी मशीन खाली उतरवायला घरातला पुरुष बोलवावा लागतो ती बाईचे कष्ट वाचवत नाही, ती बाईला एक साहेब आणून देते! झाकण दुखऱ्या हातानं उघडतं का, बटण कोपरानं दाबता येतं का, धुवायला किती तुकडे निघतात, हे कुठल्या खोक्यावर छापलंय? लोक जमले. मिक्सर दुरुस्तीला घेऊन आलेल्या दोघी तर पुढं येऊन उभ्या राहिल्या. मधे मी कोपऱ्यातली बारकी मशीन एका हातानं उचलून दाखवली, कोपरानं चालवूनही दाखवली. टाळ्या पडल्या. आणि आक्का, त्याच टाळ्यांच्या आवाजात तुमच्या बंधूंनी तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला. तुम्ही पडद्यावरून दोन्ही मशीन बघितल्या आणि म्हणालात, ‘कृष्णा, घ्यायची तर मोठी घे. दिवाळीला पोरं आल्यावर ती बारकी पुरंल का?’ टाळ्या थांबल्या तेव्हा पावती फाडून झाली होती. इतकी वर्षं बोलतेय, पण माझ्या सभांचं नेमकं हेच होत आलंय.

मशीन घरी आली. तुमच्या बंधूंनी तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि ओट्यावर तिला जागा पुरेना म्हणून कपाटावर बसवली. वर मी पूर्वी क्रोशानं विणलेला रुमाल घातला. (तेव्हा बोटं चालत होती.) त्यांचं म्हणणं, रोज वापरलं की वॉरंटी लवकर संपते. मी कॅलेंडर दाखवून समजावलं, त्यांनी मान डोलावली आणि रुमाल सरळ केला.

परवा ते बँकेत गेलेले बघून मी शेंगदाण्याची चटणी करायचं ठरवलं. कडूबाईला हाक मारली. (म्हणजे पहिल्याच पायरीला माझं मागणं बारगळलं.) दोघींनी मिळून मशीन खाली घेतली. झाकणाचा बाण भांड्याच्या बाणापुढं आणून पिळायचं असतं, आणि तसं ते नीट बसलं नाही तर मशीन सुरूच होत नाही. मी पिळलं, कडूबाईनं पिळलं, शेवटी दोघींनी एकदम पिळलं. मग ती सुरू झाली ती अशी गरजली की ओसरीवरचं मांजर उठून गेलं. पण मूठभर शेंगदाणे त्या एवढ्या मोठ्या भांड्यात कडेकडेनं फिरत राहिले, पात्याला एकही शिवेना. रिकाम्या सभागृहात घसा फोडणारा वक्ता कसा दिसतो, ते मला पहिल्यांदाच बाहेरून बघायला मिळालं. मग ते सगळे तुकडे धुताना, खाचेतलं तेल काडीनं कोरताना, मला घाम फुटला आणि मी जाऊन आडवी झाले. कडूबाईनं तेच दाणे उखळात कुटले, वाटी माझ्या उशाशी ठेवली आणि म्हणाली, ‘बाई, मशीन लई चांगली हाय बगा. फकस्त तिची चाकरी कराया एक मानूस ठिवा.’

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मशीन दिसायला देखणी आहे, येणारे-जाणारे कौतुक करतात. मला काहीही तक्रार नाही. सगळ्यांना आशीर्वाद.

तुमची,
राजेश्वरी

ता.क. तक्रार आहे. उत्तरेश्वर शनिवारपर्यंत मशीन बदलून द्यायला तयार आहे. तो अजूनही मला घाबरतो. मशीन पुसून खोक्यात भरलीय, कुंकवाचा डागही काढलाय. पण तुमचे बंधू म्हणतात, आक्कांनी पसंत केलेली वस्तू परत करणं म्हणजे आक्कांचा अपमान.

ता.क. दुसरा. बाईनं आपलं म्हणणं आपल्या तोंडानं मांडावं, हे माझं भाषण तुम्ही भूमच्या सभेत पहिल्या रांगेत बसून ऐकलंय. तो मुद्दा मी मागं घेतलेला नाही. घरी रोज मांडते. तुमचे बंधू शेवटपर्यंत ऐकतात आणि म्हणतात, ‘बोलतेस मात्र छान.’ तुम्ही एक वाक्य बोललात की पावती फाटते. ते एक वाक्य मला उसनं द्या.

ता.क. तिसरा. हे मी फोनवर बोलले नाही, कारण आमच्या घरात फोन त्यांच्या खिशात आणि आवाज स्पीकरवर असतो. पत्र घेऊन कडूबाई आलीय. ती ‘चहा नको’ म्हणेल, ते ऐकू नका. आणि तुमचं काम होईपर्यंत ती उठायची नाही, तसं बजावून पाठवलंय. तेव्हा आक्का, चष्मा काढायच्या आधी कृष्णाला फोन लावा आणि एवढंच म्हणा: ‘मोठी परत कर, बारकी आण.’